शहाळं कुणाला द्यायचं, कुणाला नाही? नर्सिंग परीक्षेचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंग नाहीतर भरतीची परीक्षा देणाऱ्यांनी अडलेले प्रश्न पाठवा, आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली, मेसेज आले. सगळी एका अंकात मावणार नाहीत. जे प्रश्न खूप जणींनी विचारलेत ते आधी घेतलेत. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि नंतर शिकवायला लागले, त्यामुळे उत्तरं वॉर्डातूनच येतील, पुस्तक तुमच्याकडे आहेच.

प्रश्न : ताई, मी जीएनएम तिसऱ्या वर्षाला आहे. औषधं पाठच होत नाहीत. वहीत दोनशे औषधं लिहून काढली, ग्रुप, डोस, साइड इफेक्ट सगळं, पण पेपरात जरा फिरवून विचारलं की डोकं कोरं. त्यात माझी शाळा मराठी मिडीयमची. काय करू?
विद्यार्थिनी, मालवण

अगं, दोनशे नावांची यादी कुणाच्याच डोक्यात टिकत नाही, तू स्वतःला कमी समजू नकोस. यादी ठेव बाजूला आणि पेशंट समोर आण. मेडिसिन वॉर्डातले ते आजोबा आठव, पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागतो म्हणून पाठीला तीन उशा लावून बसलेले. हार्ट फेल्युअर. त्यांना चालू आहे लॅसिक्स आणि डिगॉक्सिन. आता लॅसिक्स लघवीवाटे पाणी काढतं, पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की तोच डिगॉक्सिनचा डोस अंगावर उलटतो. भूक जाते, मळमळतं, उलटी होते, दिव्याभोवती पिवळं हिरवं वलय दिसतं, नाडी मंद होते. म्हणून डिगॉक्सिन द्यायच्या आधी छातीवर स्टेथो ठेवून, डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे, पूर्ण १ मिनिट ठोके मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. पेपरात हेच येतं, 'ठोके ५२ आहेत, आधी काय कराल?' आणि पर्यायांत 'पोटॅशियम तपासायला पाठवा' पण असतं, ते चूक नाही, पण आधी हातातली गोळी थांबवायची.

आता शहाळं. आपल्याकडे कुणी अ‍ॅडमिट झालं की बघायला येणारा माणूस शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. लॅसिक्सवर असलेल्या आणि पोटॅशियम कमी झालेल्या आपल्या आजोबांना डॉक्टरांना विचारून, पाण्याच्या मापात बसवून ते चालेल. पण पलीकडच्या कॉटवर किडनी फेल झालेला डायलिसिसचा पेशंट आहे, त्याला तेच शहाळं घातक, कारण त्याचं पोटॅशियम बाहेर पडायला वाटच नाही आणि ते वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो, ईसीजीत टी वेव्ह उंच टोकदार दिसायला लागते. आणि ज्याला स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, किंवा एनालाप्रिल, रॅमिप्रिल असं काही, त्याचं पोटॅशियम शरीरातच राहतं, त्यालाही रोज शहाळं नको. नॉर्मल ३.५ ते ५. बघ, एका शहाळ्यात तुझी पाच औषधं झाली, आणि तू यातलं काही पाठ केलं नाहीस.

प्रत्येक औषधाला तीनच गोष्टी विचारायच्या. देण्याआधी काय बघू, दिल्यावर काय बघू, बिघडलं तर काय देऊ. मॉर्फिन देण्याआधी श्वास मोज, १२ च्या खाली असेल तर थांब, बिघडलं तर नॅलोक्सोन. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांत हेपॅरिनला तपासणी एपीटीटी आणि उतारा प्रोटामिन सल्फेट, वॉरफरिनला तपासणी आयएनआर आणि उतारा व्हिटॅमिन के. वॉरफरिनवाल्या पेशंटला पालेभाजी बंद असं सांगायचं नसतं, रोज साधारण सारखी खा असं सांगायचं, नाहीतर पावसाळा आला की टाकळा, अळू एकदम रोज ताटात आणि आयएनआर खाली. पॅरासिटामॉल जास्त झालं तर अ‍ॅसिटिलसिस्टीन. आणि केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, कधीही, कुठल्याही घाईत, थेट शिरेत ढकलायचं नाही, पातळ करून सावकाशच, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

मराठी मिडीयमचं म्हणशील तर औषधांची नावं सगळ्यांनाच परकी असतात. अडचण होते ती प्रश्नातल्या छोट्या शब्दांची. 'एक्सेप्ट', 'फर्स्ट', 'मोस्ट लाइकली', 'कॉन्ट्राइंडिकेटेड' हे शब्द दिसले की पेन्सिलने खूण कर आणि प्रश्न मनात मराठीत करून घे. विषय येत असून 'एक्सेप्ट' न वाचल्यामुळे मार्क गेलेल्या मुली मी खूप बघितल्यात, वाईट वाटतं.

प्रश्न : इन्सुलिनचे प्रकार, वेळा, सिरिंज सगळ्यात गोंधळ होतो. नेमकं काय लक्षात ठेवू?
बीएस्सी नर्सिंग, दुसरं वर्ष, रत्नागिरी

वेळा आधी. रेग्युलर म्हणजे पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं, साधारण अर्ध्या तासात सुरू, २ ते ४ तासांत जोर, आणि साध्या प्रकारांत शिरेतून देता येतं ते हेच. एनपीएच गढूळ, त्याचा जोर साधारण ४ ते १० तासांत. दोन्ही एका सिरिंजमधे घ्यायची असतील तर आधी स्वच्छ, मग गढूळ. ज्या वेळेला जोर असतो त्या वेळेला साखर उतरायची भीती असते. म्हणजे संध्याकाळी ३०/७० दिलं, त्यात ७० टक्के गढूळ, तर पेशंटला घाम कधी फुटेल? मध्यरात्रीनंतर. पेपरात हा प्रश्न फार आवडीने विचारतात.

आता सिरिंज, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी नवीन होते तेव्हा एक आजी अ‍ॅडमिट झाल्या. घरी २० युनिट घेत होत्या, साखर उतरेना म्हणून ओपीडीत डोस ३० केला, तरी उतरेना म्हणून शेवटी अ‍ॅडमिट केलं. आम्ही वॉर्डात संध्याकाळी ३० युनिट दिलं, आमच्या सिरिंजने. पहाटे तीनला राउंड घेताना बघते तर आजी घामाने भिजलेल्या, "माका गरगरता गो" एवढंच म्हणाल्या आणि पुढे शब्द अडखळले. साखर ४२. नंतर मुलाने घरची सिरिंज आणून दाखवली तेव्हा उलगडा झाला. बाटली होती ४० युनिट प्रति मिलीची, जी आपल्याकडे सर्रास मिळते, तिला लाल टोपीची यू-४० सिरिंज लागते. घरी होती नारिंगी टोपीची यू-१००. त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत ४० वालं इन्सुलिन भरलं तर ते होतं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. ३० च्या खुणेला १२. आजी कितीतरी दिवस १२ युनिट घेत होत्या आणि आम्ही एका रात्रीत खरे ३० दिले. आमच्यातल्या एकीने जरी अ‍ॅडमिट करताना विचारलं असतं की घरची सिरिंज दाखवा, तर ती पहाट आलीच नसती. आजी वाचल्या. पण तेव्हापासून मी इन्सुलिनच्या पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारते. उलटं झालं तर अजून वाईट, १०० वालं औषध यू-४० सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर ५० युनिट जातात. हे गणित स्वतः एकदा कागदावर करून बघ, मग विसरणार नाहीस.

साखर ७० च्या खाली म्हणजे हायपो. पेशंट शुद्धीत आहे, गिळतोय, तर १५ ग्रॅम साखर, घरच्या भाषेत तीन छोटे चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, नातेवाईक हातात साखर घेऊन उभे असतात त्यांना प्रेमाने थांबवायचं, डॉक्टरांना हाक मारायची आणि शिरेतून डेक्स्ट्रोजची तयारी. अजून एक, बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर हायपोमधे हात थरथरणं, धडधड हे लपून जातं, घाम मात्र येतो. म्हणून घामाला कधी हलकं घेऊ नकोस, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उकाड्यात तर मुळीच नाही, पंख्याखाली बसलेल्याला घाम फुटला तर साखर बघच.

प्रश्न : टीबीच्या चार गोळ्यांचे साइड इफेक्ट एकमेकांत मिसळतात.
विद्यार्थिनी, चिपळूण

एकेका गोळीला शरीराचा एकेक भाग दे. रिफाम्पिसिन लघवी, लालसर नारिंगी होते, पेशंटला आधीच सांगायचं नाहीतर रक्त जातंय समजून गोळ्या सोडतो, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते. आयसोनियाझिड हातपाय, मुंग्या येतात, म्हणून बी-६. एथाम्बुटॉल डोळे, लाल हिरवा रंग ओळखता येत नाही. पायराझिनामाइड सांधे, युरिक अ‍ॅसिड वाढतं. एथाम्बुटॉल सोडून बाकी तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, म्हणून डोळे पिवळे दिसले की लगेच कळवायचं. नेहमीच्या टीबीला दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन.

प्रश्न : मॅडम, आमच्या ग्रामीण रुग्णालयात साप, विंचू, लेप्टो हेच जास्त येतं. पण क्लासवाले म्हणतात परीक्षेत हे कमी येतं, डायबेटीस, हार्ट करा. मग यावर वेळ घालवू का?
इंटर्न, राजापूर

घाल. डायबेटीस, हार्ट करायचंच, पण तू जे रोज बघतोयस ते तुझं फुकटचं पुस्तक आहे, ते बंद करू नकोस. आणि सर्पदंशात नर्सिंगची सगळी मूळ तत्त्वं येतात, श्वास, रक्तस्राव, अ‍ॅलर्जी, लघवी.

आपल्या कातळावर फुरसं, भातशेतीत नि गवतात घोणस, आणि नाग, मण्यार. आपल्याकडची सर्पदंशाची लस या चौघांवरच चालते. फुरसं आणि घोणस रक्त गोठू देत नाहीत, नाग आणि मण्यार नसांवर जातात. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, जखम दिसतसुद्धा नाही, सकाळी माणूस पोटात दुखतं म्हणतो आणि पापण्या जड व्हायला लागतात. पापणी पडलेली दिसली की तुझं लक्ष श्वासाकडे, अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी.

२० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नर्सलाच करायची असते. २ मिली ताजं रक्त, नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब, २० मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त वाहिलं म्हणजे गोठलेलं नाही. प्लास्टिकच्या ट्यूबमधे किंवा साबणाने धुतलेल्या ट्यूबमधे चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही, मग विष नसताना लस दिली जाते. लस द्यायची तर साधारण १० व्हायलनी सुरुवात, लहान मुलालाही तेवढीच, कारण सापाने मुलाला विष कमी घातलेलं नसतं. हा प्रश्न भल्याभल्यांचा चुकतो. आधी टेस्ट डोस देत नाहीत, पण अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवायचं, अंगावर गांधी, खाज, दम दिसला की लस थांबवून मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीत स्नायूमधे. रक्त गोठत नसलेल्या पेशंटला बाकी कुठलंही स्नायूतलं इंजेक्शन टाळायचं. आणि बांधून आणलेली दोरी बघितल्या बघितल्या कापायची नाही, डॉक्टर समोर असताना, तयारी ठेवून सोडायची.

विंचवावरच्या उपचाराचं श्रेय आपल्या मातीला आहे. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, २०२२ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. दरदरून घाम, लाळ, थंडगार हातपाय, मग फुफ्फुसात पाणी, असं ते चित्र असतं. प्राझोसिनमुळे बीपी पडू शकतं, म्हणून पेशंटला आडवंच ठेवायचं, बाथरूमला एकटं उठू द्यायचं नाही. आता हे आंब्याच्या फवारणीच्या विषबाधेशी ताडून बघ. तिथेही घाम, लाळ, फुफ्फुसात घरघर, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि औषध अ‍ॅट्रोपीन, छाती कोरडी होईपर्यंत. विंचवात अ‍ॅट्रोपीन देत नाहीत, हृदयावरचा ताण वाढतो. फवारणीवाल्याचे कपडे ग्लोव्हज घालून काढायचे, अंग साबणाने धुवायचं, ते विसरलास तर कपड्यातून विष आत जातच राहतं.

लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप : लावणीचे दिवस, ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नाही, गरोदर बाईला नाही. लघवी किती होते ते रोज मोजून लिही, किडनी कधी जाईल ते तिथेच आधी कळतं.

प्रश्न : सलाईनच्या थेंबांचं गणित नेहमी चुकतं.
विद्यार्थी, सावंतवाडी

मिली गुणिले सेटचे थेंब भागिले मिनिटं. ५०० मिली ४ तासांत, २० थेंबांचा सेट : १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. तास मिनिटांत न केल्यामुळेच बहुतेकांचं चुकतं. मायक्रो सेट ६० थेंबांचा, तिथे ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, गणित करायलाच नको. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात, वॉर्डात तिथे बघायचं.

प्रश्न : माझं जीएनएम होऊन सात वर्षं झाली. लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण यात नोकरी सुटली. आता भरतीची परीक्षा द्यायची आहे. घरात सगळे म्हणतात आता काय जमणार. खरंच उशीर झालाय का?
एक वाचक, गुहागर

ताई, आधी दोन कागद बघा. एक, जाहिरातीतली वयाची अट, तुमच्या प्रवर्गाला किती सूट आहे ते. दोन, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का, संपलं असेल तर आजच नूतनीकरणाला लागा, परीक्षा पास होऊन कागदपत्रांच्या वेळी अडलेल्या बायका मी बघितल्यात. हे दोन्ही ठीक असेल तर उशीर झालेला नाही, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. सासूबाईंचं बीपी, शुगर, पथ्य, बेडसोर होऊ नये म्हणून कूस बदलणं हे तुम्ही केलंच असणार. त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडा आणि तिथूनच अभ्यास सुरू करा, एकेक पाकीट घ्या आणि वर मालवणच्या मुलीला सांगितलेल्या तीन गोष्टी विचारा.

सरकारी भरतीत बहुतेक वेळा नर्सिंगबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन पण असतं, तेव्हा पहाटेचा एक तास नर्सिंगला आणि मुलं शाळेत गेल्यावरचा अर्धा तास बाकीच्याला. मुलांचं स्कॉलरशिपचं पुस्तक असेल तर बुद्धिमापन तिथेच बसून सोडवा, त्यांच्याबरोबर. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, आणि चुकलेला प्रश्न का चुकला ते एका ओळीत लिहा, नुसतं बरोबर उत्तर लिहून काही होत नाही. चुकीला मार्क कापतात का ते प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं, ते वाचूनच ठरवा अंदाजाने ठोकायचं की सोडायचं. घरच्यांना एवढंच सांगा की पहाटेचा चहा तुमचा तुम्ही करा. खरंच सांगा, मनात ठेवू नका.

प्रश्न : मॅगसल्फचा डोस आणि मॉनिटरिंग प्लीज सविस्तर सांगा, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.
विद्यार्थिनी, दापोली

गरोदर बाई, बीपी वाढलेलं, डोकं दुखतं, डोळ्यासमोर अंधारी, आणि मग झटका. एक्लॅम्पसिया. आधी कुशीवर, श्वासाचा मार्ग मोकळा, ऑक्सिजन, आणि मग मॅग्नेशियम सल्फेट. आपल्याकडे अँप्युल २ मिलीचा, ५० टक्के, म्हणजे एका अँप्युलमधे १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे तर ४ अँप्युल, ८ मिली, त्यात १२ मिली सलाईन घालून २० मिली, हे झालं २० टक्के, आणि सावकाश, ५ मिनिटांच्या आत कधीच नाही. शिवाय १० ग्रॅम स्नायूत, प्रत्येक नितंबात ५, खोलवर. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, बाजू बदलून.

प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी : गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना, आणि लघवी तासाला ३० मिली तरी होते का. यातली एक जरी गोष्ट ठीक नसेल तरी डोस थांबवायचा. मॅग्नेशियम वाढलं की आधी रिफ्लेक्स जातो, श्वास नंतर, म्हणून हॅमर खिशात. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्याचं १० मिली, सावकाश शिरेतून, आणि ते भरायची तयारी मॅगसल्फ सुरू करतानाच कॉटशेजारी.

उपकेंद्रात किंवा पीएचसीत असलीस तर पहिला १० ग्रॅमचा स्नायूतला डोस देऊन वरच्या दवाखान्यात पाठवायचं असतं. आपल्या घाटाच्या रस्त्याने पोचायला दीड दोन तास सहज जातात, तेव्हा चिठ्ठीवर किती ग्रॅम, कुठे आणि किती वाजता दिलं ते ठळक लिही, सोबत जाणाऱ्या आशाताईला तोंडीही सांग, आणि निघताना बघितलेला रिफ्लेक्स, श्वास, लघवी पण त्याच चिठ्ठीवर. तिकडच्या सिस्टरला पुढचा डोस कधी द्यायचा ते त्या वेळेवरूनच ठरवायचं असतं.